मेणातले चेहरे

शरयू गुप्तेने उभ्या आयुष्यात पत्रिका एकदाच उघडली, आणि तीही खोटं बोलण्यासाठी.

एरवी तिचा आणि पत्रिकेचा छत्तीसचा आकडा. वडोदऱ्याच्या एका संशोधन संस्थेत ती जुन्या चित्रांची परीक्षा करायची. रंगात काय मिसळलंय, फळी कुठल्या झाडाची आहे, चित्रातला माणूस कशाने आजारी होता, असले प्रश्न सोडवण्यात तिची हयात गेली. नवरा विश्वास ऐन तिशीत महामार्गावरच्या अपघातात गेला, तेव्हा सासरची एक आत्या म्हणाली होती, "पत्रिका नीट पाहिली असती तर..." त्या आत्याशी शरयू पुढे कधी धड बोलली नाही. निषाद तेव्हा लहान होता. त्याला तिने एकटीने वाढवलं, शिकवलं, आर्किटेक्ट केलं. तिचं सगळं जग त्याच्याभोवती फिरायचं, आणि हे तिला कळत होतं.

अशा बाईच्या हाती मुखवाचक आला.

मुखवाचक हे नाव संस्थेतल्या लोकांनीच ठेवलेलं. माणसाच्या पुढच्या दुखण्याच्या खुणा त्याच्या चेहऱ्यावर फार आधी उमटतात, पण त्या इतक्या बारीक असतात की आपल्या नजरेला कळत नाहीत. एक पापणी दुसरीपेक्षा केसभर वर ओढलेली असते, ओठाचा एक कोपरा किंचित ढिला पडलेला असतो. लाखो रुग्णांचे जुने फोटो आणि त्यांना पुढे जडलेले आजार यांची सांगड घालून हे यंत्र शिकलं होतं. पण ते खरंच शिकलं की नुसतं पाठांतर करून बसलं, हे पारखायचं कसं? त्यासाठी यंत्राने कधी न पाहिलेला चेहरा हवा, आणि त्या माणसाच्या शरीराचा पक्का पुरावाही हवा.

तिथे इजिप्त मदतीला आलं.

हजारो वर्षं इजिप्तच्या शिल्पकारांनी माणूस जसा होता तसा क्वचितच घडवला. जसा असायला हवा तसा घडवला. पुतळा म्हणजे मेलेल्याच्या आत्म्याचं घर. घराला मुद्दाम तडे कोण ठेवील? म्हणून राजा म्हातारा होऊन, दात पडून मेला तरी दगडात तो विशीतलाच, छाती काढून उभा. पुढे रोमनांचं राज्य आलं आणि फायूम नावाच्या हिरव्या मुलखात वेगळी रीत पडली. मधमाश्यांच्या गरम मेणात रंग कालवून पातळ फळीवर माणसाचा चेहरा काढायचा, आणि तो माणूस मेला की ती फळी त्याच्या ममीच्या तोंडावर, पट्ट्यांच्या आत बसवायची. या चितारींनी समोर दिसलं ते काढलं, तिरळा डोळा आणि सुजलेला गळासुद्धा. वर चेहरा, आणि त्याच्याच मागे तो माणूस, हाडांसकट. यंत्राने चेहरा वाचायचा, आणि कैरोच्या प्रयोगशाळेतल्या समीरा हन्नाने ममीच्या दातातून जनुकं काढून ते खरं की खोटं ठरवायचं, असं काम चाललं होतं. समीरा आणि शरयूची त्यातून चांगली मैत्री झाली होती. दहांतली नऊ निदानं बरोबर येत होती.

संस्थेचा नियम कडक होता. जिवंत माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय यंत्राला दाखवायचा नाही. हा नियम लिहिणाऱ्यांत शरयू स्वतः होती.

निषादचं ऋजुता फणसेशी लग्न ठरलं त्या वर्षीची ही गोष्ट. ऋजुता आणंदची. तिथल्या एका दूधसंघात ती दुधाची प्रत तपासायची. मोठ्याने हसायची, तोंडावर बोलायची. साखरपुड्याआधी एका रविवारी ती जेवायला आली, तेव्हा शरयूच्या टेबलावर फायूमच्या चेहऱ्यांच्या प्रती पसरलेल्या होत्या.

"काकू, हे सगळे आपल्याकडेच बघतायत," ती म्हणाली. "आपल्या नात्यातलेच वाटतात. ही तर हुबेहूब आमची नवसारीची मावशी."

"ते दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत."

"आणि यांना काय झालं होतं, ते तुम्हाला कळतं?"

"बऱ्याचदा."

ऋजुताने त्यातली एक प्रत उचलली. "त्यांना कुणी विचारलं नाही ना, सांगू का म्हणून?" ती म्हणाली आणि मग आपणच हसली. "जाऊ दे. पोळ्या मी लाटते, तुम्ही बसा."

त्याच रविवारी निषादने तिचं चित्र पुरं केलं. हाताने चित्रं काढणारी माणसं तोवर फारशी उरली नव्हती. निषाद नकाशेसुद्धा नुसते बोलून सांगायचा आणि यंत्र ते काढायचं. पण रविवारी तो तैलरंग घेऊन बसायचा. ऋजुता खिडकीशी बसलेली, केस अर्धवट सुटलेले, आता काहीतरी बोलणार असा चेहरा. चित्र सुंदर होतं. "चौकट करून आणते," असं म्हणून शरयू दुसऱ्या दिवशी ते संस्थेत घेऊन गेली.

चौकट खरंच करायची होती. पण सुताराकडे जाण्याआधी ती मुखवाचकापाशी थांबली. नियम फोटोबद्दल आहे, तिने मनाशी म्हटलं. हे चित्र आहे. आपण तर रोज चित्रंच वाचतो. आणि आई म्हणून एवढं पाहायला काय हरकत आहे? हरकत आहे हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तर तिने आधी खोलीचं दार लोटून घेतलं.

यंत्राने फार वेळ घेतला नाही. चित्रातल्या व्यक्तीला लहान मेंदूचा आनुवंशिक ऱ्हास होण्याचा संभव मोठा, असं त्याने सांगितलं. लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो. तो झिजू लागला की आधी डोळा एका जागी ठरत नाही, मग हात कापतो, पाय लटपटतात, जीभ जड होते. चाळिशीच्या आसपास सुरुवात, पन्नाशीपर्यंत चाकाची खुर्ची. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत, म्हणजे सगळं कळत राहणार. उपचार झीज लांबवतात, थांबवत नाहीत. आणि होणाऱ्या मुलाला तो आजार जाण्याची शक्यता निम्मी.

तिने चित्र पुन्हा पाहिलं. एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरासा वर, जरासा अधिक उघडा. आता तिला तेवढंच दिसू लागलं.

निषादला तिने सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, हा चिडेल, ओरडेल, 'तुला कुणी अधिकार दिला' म्हणेल. तसं त्याने म्हणावं अशी तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात इच्छाही होती. तो चिडला नाही.

"खात्री आहे?" त्याने विचारलं.

"दहांत नऊ वेळा."

"तिला माहीत असेल?"

"नसावं."

"आपण सांगायला हवं ना तिला?"

"काय सांगणार? तुला न विचारता तुझं चित्र यंत्राला दाखवलं म्हणून? माझी नोकरी जाईल, निषाद. आणि त्या पोरीची आत्तापासून झोप उडेल."

त्याने मान खाली घातली. "मला नाही जमणार आई," तो म्हणाला. "कुणाला असं विझताना बघणं... मला नाही जमणार."

शरयूला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची तिला त्याच क्षणी इतकी लाज वाटली की ती उठून स्वयंपाकघरात गेली.

मग पत्रिका. तिने दोघांच्या जन्मवेळा घालून ती काढवली आणि आणंदला ऋजुताच्या वडिलांना फोन केला. मृत्युषडाष्टक आहे, जोडीदाराच्या जिवाला धोका सांगतात, म्हणाली. "तसं आमच्याकडे मानत नाहीत हो, पण निषादचे बाबा असे अकाली गेले. तेव्हापासून मनाला धास्ती बसलीय." स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याला तिने असा साक्षीला उभा केला. फणशांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही शास्त्रज्ञ ना?" एवढंच ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ऋजुता चौथ्या दिवशी दुपारी संस्थेत आली. निषाद तिचे फोन घेत नव्हता.

"काकू, पत्रिकेचं बाबांना सांगितलंत ते ठीक. मला खरं कारण सांगा."

"तेच खरं आहे ग."

"तुमच्या घरात देवघरसुद्धा नाही." तिचा आवाज चढला नाही. "माझं काही चुकलं का? मी फार बोलते का? आमच्या घरचं कुणी काही बोललं का? काय असेल ते सांगा, मी रडणार-बिडणार नाही."

शरयू म्हणाली, "काही काही गोष्टी माणसाच्या हातात नसतात."

ऋजुता तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. शरयूनेच नजर काढून घेतली आणि टेबलावरचे सरळ असलेले कागद पुन्हा सरळ केले. मुलगी निघून गेली. त्यानंतर संस्थेतल्या कुणी 'मुलाचं लग्न कधी' असं विचारलं की शरयू विषय बदलायची.

पाऊस आला, गेला, नवरात्र झालं. निषादने आपल्या एका मित्राजवळ मन मोकळं केलं होतं. त्याने आणखी कुणाजवळ केलं. आणि हिवाळ्याच्या तोंडाशी शरयूच्या कानावर आलं की फणशांच्या मुलीचं नडियादला जमत आलेलं लग्न मोडलं. "मुलीला मेंदूचं काहीतरी आहे म्हणतात," सांगणारी बाई म्हणाली, "बरं झालं, तुम्ही वेळीच सुटलात." शरयूने तिला चहाही विचारला नाही. पण 'हे खोटं आहे' असं तरी कुठे म्हटलं? तिच्या मते ते खरंच होतं.

समीराचा फोन आला तो डिसेंबरात, एका सकाळी. तिचा आवाज आनंदाने फुटत होता.

"ते पाच चेहरे आठवतात? यंत्राने पाचही जणांना लहान मेंदूचा आजार सांगितला होता, आणि दातांत काहीच सापडत नव्हतं?"

"यंत्राच्या चुकांत टाकले होते ते."

"मीही तेच समजत होते. मग मी मेण तपासलं. गरम मेण पसरायला ते लोक एक हत्यार वापरायचे, छोट्या कलथ्यासारखं. त्याचे ओरखडे पाचही फळ्यांवर एकाच हाताचे आहेत. पाचही चित्रं एकाच माणसाने काढलीत. कळतंय का तुला? आजारी माणूस चित्रात नाहीच, शरयू. तो समोर बसून चित्र काढतोय."

शरयूने टेबलाची कड धरली.

समीरा सांगतच होती. या आजारात सगळ्यात आधी नजर ढळते. समोरच्या चेहऱ्यावरून फळीकडे डोळे वळवताना ते नेमक्या जागी थांबत नाहीत, केसभर पुढे जातात, आणि हात डोळ्यांच्या मागे जातो. त्यामुळे चितारी दुसरा डोळा काढायला घेतो तेव्हा तो दर वेळी किंचित वर आणि किंचित मोठा पडतो. आजारी माणसाचा स्वतःचा चेहराही नेमका तसाच दिसतो. यंत्राला फक्त खूण कळते. ती बसलेल्याची की बघणाऱ्याची, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"नंतरच्या चित्रांत चूक वाढत गेलीय," समीरा म्हणाली. "आणि अगदी शेवटच्या दोन फळ्यांवर दुसरा डोळा वेगळ्याच हाताचा आहे. कुणीतरी त्याला तेवढा काढून देत होतं." मग ती थांबली. "तुला आनंद नाही झाला?"

"झाला ना," शरयू म्हणाली. "खूप मोठा शोध आहे. मी तुला नंतर फोन करते."

ती घरी आली. निषाद कामावर गेला होता. त्याच्या खोलीच्या भिंतीवर त्याने काढलेली इतर चित्रं होती: एक मित्र, खालच्या मजल्यावरचे पटेलकाका, आणि ती स्वतः, चष्म्यासकट. तिघांचाही एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरासा वर होता. आपल्या त्या चित्रासमोरून ती रोज जात होती.

आणि मग तिला सासरे आठवले. सासरे दारुडे म्हणून गावभर बदनाम होते. झोकांड्या खात चालायचे, बोलताना जीभ अडखळायची. शरयूच्या लग्नात पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून त्यांना मागच्या खोलीत बसवलं होतं. नवी नवरी नमस्काराला गेली तेव्हा ते म्हणाले होते, "सूनबाई, मी थेंबही घेत नाही गं. खरंच सांगतो." शरयूने तोंड फिरवलं होतं, वास येईल म्हणून. वास आला नव्हता, हे तिला आज इतक्या वर्षांनी आठवलं. तोच आजार विश्वासच्या अंगात असणार. पण तो बाहेर यायच्या आत अपघाताने त्याला गाठलं.

या वेळी तिने निषादला आधी सगळं सांगितलं, आणि त्याच्या संमतीने तपासणी झाली. जनुक सापडलं.

निकाल हाती आला तेव्हा तो आधी हसला. ते हसू तिला पाहवेना.

"म्हणजे जे मला बघायला जमणार नव्हतं," तो म्हणाला, "ते मला व्हायचंय."

"उपचार आहेत. आत्ताच कळलंय, अजून जाणवण्यासारखं काहीच नाही. पुष्कळ वर्षं..."

"ऋजुताचं काय?"

"मी आणंदला जाणार आहे. तिच्यावर ठपका आलाय, तो आपण आणलाय. संस्थेला मी कालच लिहून दिलं सगळं. नोकरी राहील असं वाटत नाही."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाठमोराच म्हणाला, "सगळं सांगशील?"

"सगळं म्हणजे?"

"मलाही माहीत होतं, हे." आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "तू तुझं सांग. यंत्र, पत्रिका, सगळं. पण मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो, तेवढं तिला सांगू नकोस आई. तेवढं एक नको."

शरयूने आणंदला जाण्यासाठी पिशवी भरायला घेतली.

फणशांच्या घरी ऋजुताच्या आईने पाण्याचा पेला समोर ठेवला, 'घ्या' म्हटलं नाही. फणसे आरामखुर्चीत ताठ बसले होते. ऋजुता नुकतीच कामावरून आली होती, तिच्या अंगावर दूधसंघाचा निळा डगला तसाच होता. ती बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

शरयूने सांगायला घेतलं. लोटलेल्या दारापासून सांगितलं. यंत्र, चित्र, निकाल, पत्रिकेचं खोटं, समीराचा फोन, निषादची तपासणी. ओशाळवाणं हसून, हात जोडून सांगता आलं असतं. तसं तिने केलं नाही, कारण तसं केलं की समोरच्या माणसाला 'असू दे' म्हणावं लागतं.

"म्हणजे माझ्या मुलीला काही नाही?" फणशांनी विचारलं.

"काही नाही. कधीच नव्हतं."

"आणि आता हे आम्ही दारोदार सांगत फिरायचं?"

"मी फिरेन. नडियादला मी उद्या जाते. आणखी जिथे जिथे बोलणं गेलं असेल ती घरं मला सांगा."

फणशांनी चेहरा हातांनी झाकून घेतला. ऋजुताची आई रडू लागली, पण ते रडणं सुटकेचं होतं की संतापाचं, हे कळत नव्हतं.

ऋजुता तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"निषादला आता कसं आहे?"

"अजून काही त्रास नाही. घाबरलाय. चित्र काढणं सोडलंय."

"आणि तेव्हा?" ती म्हणाली. "तेव्हा त्याला माहीत होतं? की तुम्ही त्यालाही पत्रिकाच दाखवलीत?"

शरयूने मुलीकडे पाहिलं. प्रश्न विचारतानाच तिच्या चेहऱ्यावर उत्तराची आशा होती. शरयूसाठीच दार उघडं ठेवल्यासारखा तो प्रश्न होता. 'नाही, त्याला काहीच माहीत नव्हतं' एवढं म्हटलं की पुरे; ही मुलगी आत्ता डगला काढून निघेल. निषादला पुढच्या सगळ्या वर्षांत कुणीतरी असेल. आपण काही जन्माला पुरणार नाही. आणि तो एकच गोष्ट मागत होता.

"माहीत होतं," शरयू म्हणाली. "मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने ठरवलं आणि मग मी पत्रिका काढली."

ऋजुताने डगल्याची वरची बटणं पुन्हा लावली, जणू कामावरून आलीच नव्हती.

"खोटं बोलला नाहीत ते बरं केलंत, काकू," ती म्हणाली. "बोलला असतात तर मी आज तुमच्याबरोबर आले असते."

ती आत गेली. शरयू उठली. पेल्यातलं पाणी तिने प्यायलं नाही, आणि निघताना कुणी तिला 'या' म्हटलं नाही.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. निषादने खिचडी टाकून ठेवली होती, पानंसुद्धा घेतली होती. दार उघडताच त्याने तिच्याकडे पाहिलं.

"काय म्हणाली?"

शरयूने चप्पल काढली, हात धुतले. मग ऋजुताचं वाक्य तिने जसंच्या तसं सांगितलं. त्यातला एक शब्दही मऊ केला नाही.

निषादने ते ऐकलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"तिने विचारलं होतं?"

"हो."

"आणि तू सांगितलंस."

"हो."

त्याने भांड्यावरचं झाकण काढलं आणि आधी तिला वाढलं, मग स्वतःला. तूप तिच्या बाजूला सरकवलं. "नडियादला उद्या किती वाजता निघायचं?" त्याने विचारलं.

"तू येणार आहेस?"

"बोलणं माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं ना," तो म्हणाला.

मग दोघांनी, एकमेकांच्या चेहऱ्याकडे न बघता, पानातलं सगळं संपवलं.